हरितभूमी आणि जनपदस्वास्थ्य : लिहिताना पाळावयाचे काही दंडक

मृग नक्षत्र लागले, पहिला पाऊस झाला आणि ठिकठिकाणी वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू झाले की संपादन समितीकडे एका विशिष्ट प्रकारच्या लेखांची आवक वाढते. ‘वृक्ष आणि आरोग्य’, ‘आपल्या शहरातील वनौषधी उद्यान’, ‘नक्षत्रवनाचे महत्त्व’, ‘पहाटेचा फेरफटका : एक औषध’ अशी त्यांची शीर्षके असतात. लेखकांचा हेतू शुद्ध असतो आणि तळमळही खरी असते. शहरे वाढत आहेत, मोकळ्या जागा आक्रसत आहेत, मधुमेह, स्थौल्य, रक्तदाब व अनिद्रा यांचे रुग्ण आपल्या सर्वांच्या चिकित्सालयांत वाढत आहेत. अशा वेळी वैद्याने उद्यानाविषयी लिहू नये, तर कोणी लिहावे? तथापि या लेखांपैकी बरेचसे आहेत त्या स्वरूपात छापता येत नाहीत, आणि ते का छापता येत नाहीत हे लेखकास दोन ओळींच्या पत्रात समजावून सांगणे कठीण जाते. म्हणून या विषयावरील लेखनासाठी आम्ही जे दंडक योग्य मानतो, ते कारणांसह येथे मांडीत आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. आमचा वाचक हा सामान्य वृत्तपत्रवाचक नव्हे. तो वैद्य आहे किंवा औषधालयाचा चालक आहे. वैद्य आज जे वाचतो ते उद्या रुग्णास सांगतो. औषधालयचालक जे वाचतो त्यानुसार मालाची मागणी नोंदवितो. अर्थात आमच्या पानावरील एखादे सैल विधान तेथेच राहत नाही, ते रुग्णाच्या शरीरापर्यंत पोहोचते. औषधाची मात्रा लिहिताना आपण जी काळजी घेतो, तीच काळजी ‘अमुक वृक्षाखाली बसल्याने अमुक व्याधी बरा होतो’ असे लिहिताना घेतली पाहिजे. या लेखाचे सार एवढेच आहे.

आमच्याच हातून घडलेली चूक

दुसऱ्यांचे दोष दाखविण्यापूर्वी स्वतःचा सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी एका वसाहतीच्या वृक्षारोपण समारंभाच्या स्मरणिकेसाठी आम्ही एक छोटा लेख लिहिला होता. पिंपळ आणि वड हे रात्रंदिवस प्राणवायू सोडतात, सबब श्वासाच्या रुग्णांनी पहाटे त्यांच्या छायेत बसावे, असे त्यात होते. हे विधान आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो होतो, अनेक ठिकाणी वाचले होते आणि म्हणूनच ते तपासण्याची गरज आम्हांस भासली नाही.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आमचे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, तमकश्वासाचा वेग घेऊन आले. खिशातून त्यांनी लेखाचे कात्रण काढले. तीन आठवडे ते सूर्योदयापूर्वी वसाहतीच्या ओपन स्पेसमधील पिंपळाखाली जाऊन बसत होते. ‘डॉक्टरसाहेबांनीच लिहिले आहे’ म्हणून त्यांनी फवाऱ्याचे औषधही आपल्या मनाने कमी केले होते. त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ते पूर्ववत झाले. शीत वायू, पूर्वेकडील वारा आणि मेघाच्छादित हवा यांनी तमकश्वास वाढतो हे चरकाचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे. चिकित्सालयात बसून कोणत्याही श्वासरुग्णास आम्ही पहाटेच्या थंडीत बाहेर बसण्याचा सल्ला दिला नसता. लेखणी हाती घेताच मात्र आमचे ते ज्ञान आम्हांस सोडून गेले. ते कात्रण आजही आमच्या खणात आहे.

ज्या विधानाने हे घडले ते मुळात चुकीचे होते. वनस्पती प्राणवायू सोडतात ती क्रिया प्रकाशावर अवलंबून असते आणि रात्री इतर सजीवांप्रमाणे वृक्षही प्राणवायू घेतच असतात. कोरफड, घायपात यांसारख्या काही वनस्पती रात्री कर्बवायू शोषून साठवितात हे खरे, परंतु त्यांचाही प्राणवायू बाहेर पडतो तो दिवसाच. पिंपळाचे धार्मिक व औषधी माहात्म्य याने तिळमात्र कमी होत नाही. त्याची साल पंचवल्कलात आहे ती आहेच. पण त्याच्या नावावर नसलेला गुण खपवणे हा त्या वृक्षाचाही सन्मान नव्हे.

प्राचीनांची शिस्त

काही सभासदांचे म्हणणे असे की, संदर्भ, पुरावा, परीक्षण या गोष्टी पाश्चात्त्य नियतकालिकांच्या आहेत व त्या आपल्यावर लादल्या जात आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी 1978 मध्ये व्हँकुव्हर येथे एकत्र येऊन लेखनाचे समान नियम ठरविण्यास प्रारंभ केला हे खरे आहे. परंतु त्याच्या कितीतरी शतके आधी चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राचीच परीक्षा कशी करावी, हे सांगितले आहे. ग्रंथात पुनरुक्ती नसावी, अर्थ निश्चित असावा, क्रम सुसंगत असावा, विषय लक्षणांसह व उदाहरणांसह मांडलेला असावा, ही त्यातील अपेक्षा म्हणजे संपादकाची नियमावलीच होय. त्याच अध्यायातील तद्विद्यसंभाषा म्हणजे जाणकारांनी एकमेकांचे मत तपासून घेण्याची पद्धत. सिद्धिस्थानाच्या अखेरीस येणाऱ्या 36 तंत्रयुक्ती या ग्रंथाच्या मांडणीचे व अर्थनिश्चितीचे शास्त्र आहे. सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा आहे. लेखातील प्रत्येक विधान या चारांपैकी कशाच्या आधारे उभे आहे, एवढे जरी लेखकाने स्वतःस विचारले तरी निम्मे काम होते.

विषयाच्या बाबतीतही संहिता आपल्या पुढे आहेत. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायातील जनपदोद्ध्वंसाचे विवेचन हे सामूहिक आरोग्याचे विवेचन आहे. प्रकृती, आहार, वय, बल भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रासली जातात, या प्रश्नाचे उत्तर तेथे वायू, उदक, देश व काल या चार समान भावांच्या विकृतीत शोधले आहे. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विकृत देशाची लक्षणे सांगताना आचार्यांनी ओलसरपणा, डास, टोळ, माश्या, उंदीर यांच्याबरोबर माजलेले गवत, झाडोरा आणि पसरलेल्या वेलींचाही उल्लेख केला आहे. म्हणजे जे जे हिरवे ते ते आरोग्यदायी असा भाबडा समज संहितेचा नाही. देशाचा विचार हा नेहमी तारतम्याचा आहे.

नगरच्या बागा आणि पाणी

आपल्या जिल्ह्यापुरता विचार करू. 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या या शहराला उद्यानांची परंपरा आहे. बेहेश्त बाग सोळाव्या शतकाच्या आरंभीची. जलाशयाच्या मध्यभागी उभा असलेला फराहबागेचा महाल 1583 मधील. या बागा शक्य झाल्या त्या पाण्यामुळे. आसपासच्या गावांच्या परिसरातून खापरी नळांनी व भुयारी मार्गांनी शहरापर्यंत पाणी आणण्याची व्यवस्था निजामशाहीत उभी राहिली होती. ही व्यवस्था खंडित झाली आणि बागांचे वैभवही ओसरले.

यातून आजच्या लेखकाने घ्यावयाचा बोध सरळ आहे. अकोले तालुक्याचा घाटमाथा वगळला तर आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. संहितेच्या परिभाषेत आपला देश बहुतांशी जांगल आहे. त्यामुळे कोकणातील वा बंगळूरमधील उद्यानाविषयीचा लेख येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘प्रत्येक प्रभागात हिरवळीचे मैदान हवे’ असे लिहिणाऱ्याने त्या हिरवळीस चैत्र-वैशाखात पाणी कोठून येणार, हेही लिहावयास हवे. ज्या शहराचे पिण्याचे पाणी मुळा धरणातून येते, तेथे हिरवळ आणि पाण्याचा टँकर यांची तुलना वाचक करणारच. कडुनिंब, वड, चिंच, करंज, बोर, हिवर असे अल्प पाण्यात तग धरणारे वृक्ष आणि त्यांची सावली हा आपल्या देशास साजेसा विचार आहे.

नगरच्याच इतिहासातील आणखी एक उदाहरण घेऊ. 1942 ते 1945 या काळात भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना पंडित नेहरूंनी तेथील दगडधोंड्यांच्या व जुन्या बांधकामाच्या अवशेषांनी भरलेल्या जमिनीत बागकाम केले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बागकामावरील लेखात हा प्रसंग अवश्य यावा, वाचकास तो आवडेल. मात्र त्यावरून ‘बागकामाने मनोविकार दूर होतात हे सिद्ध झाले आहे’ असे पुढचे वाक्य येऊ नये. तो एका असामान्य व्यक्तीचा अनुभव आहे. अनुभव हा विचाराचा आरंभ असतो, निष्कर्ष नसतो.

लेखनाचे दंडक

एक : वनस्पतीचे नाव निःसंदिग्ध असावे. आपल्या शहरांतील कुंपणांलगत, शाळांच्या आवारांत जो उंच, सरळ, लाटेसारख्या कडांच्या साध्या पानांचा ‘अशोक’ दिसतो तो आसुपालव, म्हणजे पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होय. अशोकारिष्टातील अशोक तो नव्हे. तो सीताअशोक, सराका असोका, संयुक्त पानांचा व नारिंगी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा. आसुपालवाची साल अशोक म्हणून बाजारात येते, हे औषधालयचालकांस सांगावयास नको. ‘आपल्या उद्यानातील अशोकाची साल स्त्रीरोगांवर उपयुक्त’ असे वाक्य आम्ही छापले तर त्या भेसळीस आम्हीच प्रतिष्ठा दिल्यासारखे होईल. कडुनिंब व बकाणनिंब यांचेही तेच. बकाणनिंबाची फळे विषारी आहेत. ब्राह्मी म्हटल्यावर बॅकोपा की सेंटेला, शंखपुष्पी म्हटल्यावर नेमकी कोणती, हे लिहिलेच पाहिजे. म्हणून प्रथम उल्लेखाच्या वेळी संस्कृत नाव, स्थानिक मराठी नाव व वनस्पतिशास्त्रीय नाव अशी तिन्ही द्यावीत. शंका असल्यास नमुना जाणकारांकडून ओळखून घ्यावा. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

दोन : पुरावा किती आणि कशाचा, ते सांगावे. हिरव्या परिसराचा आरोग्याशी संबंध आहे, याविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ अभ्यास झाला आहे व त्याचा उल्लेख आमच्या लेखांत यावा असे आम्हांस वाटते. परंतु प्रत्येक अभ्यासाचे बळ वेगळे असते. रॉजर उलरिच यांचा 1984 चा प्रसिद्ध अभ्यास पाहा. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांची आणि ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांची तुलना त्यात आहे. झाडे दिसणाऱ्यांना रुग्णालयात थोडे कमी दिवस राहावे लागले व तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास सुंदर आहे, पण तो 46 रुग्णांचा, म्हणजे 23 जोड्यांचा आहे. 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मिचेल व पॉफम यांच्या अभ्यासात इंग्लंडमधील अधिक हिरव्या भागांत गरीब व श्रीमंत यांच्या मृत्युदरांतील तफावत कमी आढळली. 2019 मध्ये इंग्लंडमधीलच सुमारे 20,000 लोकांच्या पाहणीत, आठवड्यातून 120 मिनिटे वा अधिक काळ निसर्गात घालविणाऱ्यांनी आपले आरोग्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले.

येथे ‘सांगितले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुळात जे निरोगी तेच बागेत अधिक जात असतील, अशी शक्यता राहतेच. अशा अभ्यासांतून ‘संबंध आढळला’ असे लिहिता येते, ‘बागेने रोग बरा झाला’ असे लिहिता येत नाही. घरातील कुंड्या हवा शुद्ध करतात हे विधानही असेच आहे. त्याचा आधार म्हणून सांगितला जाणारा नासाचा 1989 चा प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता. नेहमीच्या खोलीत तसा परिणाम मिळण्यास दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील, असे 2019 मधील फेरविचारात दिसून आले.

तीन : आकडा आला की त्याचा उगम यावा. ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दरडोई 9 चौरस मीटर हरितभूमी आवश्यक’ हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक लेखांत असते. हा आकडा जगभर एकमेकांकडून उचलला गेला आहे, पण संघटनेच्या मूळ प्रकाशनाचा हवाला देऊन तो मांडलेला सापडत नाही. याउलट संघटनेच्या युरोपीय विभागाने 2016 मध्ये शहरी हरितभूमीविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात घरापासून 300 मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हरितभूमी असावी, अशी कसोटी सुचविली आहे. केंद्र शासनाच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळ्या जागेचा उल्लेख आहे. 2011 च्या जनगणनेनुसार नगर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 3,50,859 होती. त्या हिशेबाने सुमारे 350 ते 420 हेक्टर मोकळी जागा लागते. लेखकाने हा हिशेब मांडावा आणि आपल्या प्रभागातील उद्यान स्वतः पावलांनी मोजून पाहावे. उसन्या आकड्यापेक्षा हे मोजमाप वाचकाच्या अधिक उपयोगी पडेल. किती वृद्धांना, किती गर्भिणींना रस्ता न ओलांडता तेथे पोहोचता येते, हा खरा प्रश्न आहे.

चार : अपायही सांगावा. गुणांबरोबर दोष सांगणे ही आपल्या द्रव्यगुणशास्त्राची रीत आहे. ती उद्यानासही लावावी. निगा न राखलेल्या ओपन स्पेसमध्ये गाजरगवत माजते. 1950 च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज सर्वत्र आहे आणि त्याच्या स्पर्शाने होणारा त्वचाविकार व परागकणांनी होणारा प्रतिश्याय आपण नित्य पाहतो. कारंज्याच्या बंद टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत, फेकलेल्या टायरमध्ये डेंग्यूचा डास वाढतो. शोभेसाठी व रस्ता-दुभाजकांत लावलेली कण्हेर, मग ती तांबडी असो वा पिवळी, हृदयावर विषारी परिणाम करणारी आहे. करवीराची गणना आपण उपविषांत करतो, हे उद्यानवर्णनात विसरता कामा नये. शरदात फुलणाऱ्या सप्तपर्णीच्या उग्र गंधाविषयी काही श्वासरुग्ण तक्रार करतात. अशा तक्रारीची नोंद व्हावी, मात्र लगेच त्या वृक्षाविरुद्ध मोहीम होऊ नये. ‘पहाटे फिरावे’ या उपदेशासही ऋतू, वय, व्याधी व हवेची स्थिती यांची मर्यादा जोडावी.

पाच : उद्यान हे औषधसंग्रहाचे स्थान म्हणून सुचवू नये. वनौषधी उद्यान असावे ते ओळखीसाठी, शिक्षणासाठी आणि बीज-रोपांसाठी. औषधासाठी नव्हे. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात औषधी कोठून घेऊ नये, याची जी यादी आहे तिच्यात श्मशान, चैत्य, सभास्थान, खळगे, वारूळ, क्षारभूमी यांच्याबरोबर ‘आराम’, म्हणजे उपवनही आहे. आजच्या परिस्थितीत या निषेधास नवे कारण मिळाले आहे. वाहनांचा धूर, रस्त्याची धूळ, सांडपाणी व कीटकनाशके यांच्या सान्निध्यात वाढलेल्या सालीत वा मुळात जड धातू असण्याची शक्यता असते. वनौषधींसाठी शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 व कॅडमियम 0.3 भाग प्रति दशलक्ष या कमाल मर्यादा आपल्या औषधालयचालकांस परिचित आहेत. रस्त्याकडेच्या अर्जुनाची साल या मर्यादेत आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. शिवाय साल सोलल्याने वृक्ष मरतो. 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यान्वये शहरातील वृक्षास परवानगीविना इजा करणे हा गुन्ह्याचा विषय होतो, याचीही जाणीव लेखात असावी.

सहा : रुग्णाची ओळख जपावी. ‘अमुक गल्लीतील अमुक किराणा दुकानदार’ असे लिहिल्यावर नाव न देण्यास अर्थ उरत नाही. रुग्णवृत्त द्यावयाचे तर लेखी संमती घ्यावी. वय, लिंग, निदान, चालू औषधे, दिनचर्येत केलेला बदल, त्याचा कालावधी, आधीची व नंतरची मोजमापे आणि ज्यांना लाभ झाला नाही अशा रुग्णांची संख्या द्यावी. मधुमेही रुग्ण बागेत चालू लागला, त्याच वेळी त्याने गोड सोडले आणि औषधही बदलले, तर रक्तशर्करा कशामुळे उतरली? हे सांगता येत नसेल तर ‘सांगता येत नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

सात : हितसंबंध उघड करावेत. लेखक स्वतः रोपवाटिका चालवीत असेल, उद्यानाच्या ठेक्याशी वा त्या प्रभागाच्या राजकारणाशी त्याचा संबंध असेल, किंवा ज्या वृक्षाचे गुणवर्णन आहे त्याचाच कल्प त्याच्या औषधालयात विकला जात असेल, तर लेखाखाली तसे एका ओळीत लिहावे. त्यामुळे लेख नाकारला जाणार नाही, मात्र वाचक फसणार नाही. लेखाच्या आडून जाहिरात येऊ नये. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, स्थौल्य, रक्तदाब, हृद्रोग, कर्करोग हे सर्व आहेत. परिपत्रक, वेष्टन, लेबल हेदेखील त्या कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच होय. सभासदांनी आमच्या लेखाची छायाप्रत दुकानात लावताना हे लक्षात ठेवावे.

आठ : चूक ठळकपणे दुरुस्त व्हावी. चुकीचे विधान छापले गेल्यास पुढील अंकात, त्याच विभागात, मूळ विधान व दुरुस्ती दोन्ही देऊन छापावे. कोपऱ्यातील बारीक टाइपातली दिलगिरी कोणी वाचत नाही. स्मरणिकेला पुढचा अंक नसतो, त्यामुळे आमच्या त्या लेखाची दुरुस्ती कधी झालीच नाही. ती आज येथे होत आहे.

एका परिच्छेदाचे उदाहरण

हे सर्व फार जाचक आहे असे वाटू नये म्हणून एक नमुना देतो. आमच्याकडे येणाऱ्या लेखांच्या धाटणीचा एक परिच्छेद असा असतो : ‘आमच्या परिसरातील वनौषधी उद्यानामुळे तेथील नागरिकांचे मधुमेह व रक्तदाब पूर्ण नियंत्रणात आले असून कडुनिंबाच्या शुद्ध हवेने साथीचे रोग नाहीसे झाले आहेत.’

हाच आशय दंडकांनुसार असा लिहिता येईल : ‘आमच्या परिसरात सुमारे अर्धा एकर मोकळ्या जागेत कडुनिंब, करंज व सीताअशोक यांची लागवड झाल्यापासून सायंकाळी चालावयास येणाऱ्यांची संख्या वाढल्याचे आम्ही पाहतो. आमच्या चिकित्सालयातील काही मधुमेही रुग्ण त्यांत आहेत. नियमित चालण्याने त्यांना उत्साह वाटतो व झोप सुधारली, असे ते सांगतात. त्यांची औषधे पूर्ववत चालू आहेत. पावसाळ्यात या जागेत गाजरगवत व डास वाढतात, त्यासाठी नागरिकांनी श्रमदानाचा दिवस ठरविला आहे.’

दुसरा परिच्छेद पहिल्याहून कमी चमकदार आहे हे मान्य. परंतु तो वाचून वैद्य आपल्या रुग्णास काही सांगू शकतो, औषधालयचालक फसत नाही आणि नगरसेवकापुढे ठेवला असता तो खोडता येत नाही. उद्यानासाठी जागा राखून ठेवा, अशी मागणी वैद्यांनी करावयाची असेल तर ती अशाच शब्दांत करावी लागेल. अतिशयोक्तीवर उभी असलेली मागणी पहिल्याच प्रश्नाला कोसळते आणि तिच्याबरोबर खरी गरजही बुडते. रहिवासी भूखंडांच्या आराखड्यात सोडलेली मोकळी जागा कशी हळूहळू वाहनतळ, सभागृह वा कचराकुंडी होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तिच्या बाजूने बोलणारा साक्षीदार विश्वासार्ह असला पाहिजे.

समारोप

1917 मध्ये वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी याच नगरमध्ये आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना केली व औषधींच्या गुणधर्मांवर मराठीत ग्रंथलेखन केले. मराठी जाणणाऱ्या वैद्यास द्रव्याचा गुण त्याच्याच भाषेत, नेमकेपणाने कळावा, ही परंपरा आपल्या जिल्ह्याची आहे. हरितभूमीविषयी लिहिताना तिचा विसर पडू नये.

वरील दंडक अंतिम नाहीत. सभासद वैद्य व औषधालयचालक यांनी ते तपासावेत, उणिवा दाखवाव्यात, अनुभवांची भर घालावी. संधाय संभाषेच्या भावनेने आलेल्या प्रत्येक पत्राचे स्वागत होईल. आणि पुढील ज्येष्ठात आपण उद्यानावर लेख लिहावयास बसाल, तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी एकदा त्या उद्यानात जाऊन यावे. झाडे मोजावीत, नावे तपासावीत, बाकावर बसलेल्या चार जणांशी बोलावे, कारंज्याच्या टाकीत डोकावून पाहावे. एवढे केले की लेखाचा बराचसा मजकूर आपोआप सुचेल, आणि जो सुचणार नाही तो लिहिण्याचे कारणही उरणार नाही.